धंद्यासाठी पहिलं पॉलिशिंग मशीन: रोटरीच ठेवू की डीए (ड्युअल अॅक्शन, दुहेरी हालचालीचं) घेऊ?

कोरा_बोनेट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

सहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली रबिंग-पॉलिश केलं. तिथे चौघांत मिळून एकच मशीन, रोटरी, म्हणजे पॅड नुसतं गरगर फिरवणारं. तेच हातात बसलं. आता स्वतःचं काम सुरू केलंय, सध्या एका मित्राची जुनी रोटरी मागून आणून भागवतोय. पण मागून आणलेल्या मशीनवर धंदा किती दिवस चालणार?

प्रश्न का पडला ते सांगतो. गेल्या महिन्यात एक काळी गाडी केली. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बोनेटमध्ये तोंड दिसत होतं. मालक खूश, मी खूश. दुसऱ्या दिवशी अकराला त्यांचा फोन, ‘जरा उन्हात येऊन बघता का?’ गेलो. बोनेटभर मोरपीस फिरवल्यासारखे पट्टे. मी दोन पावलं सरकलो की पट्टेही माझ्याबरोबर सरकत होते. होलोग्राम हा शब्द माहीत होता, पण आपल्याच हातून इतके ठसठशीत उमटतील असं वाटलं नव्हतं. दीड दिवस घालून ते काढले, अर्थात फुकट.

माझं काम असं: आठवड्याला तीन-चार गाड्या, बहुतेक काळ्या, गडद निळ्या किंवा करड्या. त्रास म्हणजे धुताना फडक्याने पडलेले गोल गोल ओरखडे. महिन्यातून एक-दोनदा पेंटरकडून नव्याने रंगवलेलं पॅनेल येतं, त्यावरचे सँडिंगचे ओरखडे काढून द्यायचे असतात.

दुकानदार म्हणतो, ‘वॅट बघा, जास्त वॅट म्हणजे जास्त ताकद.’ मग ५०० वॅटची मशीन १२००-१४०० वॅटवाल्यांपेक्षा महाग कशी? आणि हे १५ मिमी, २१ मिमी काय प्रकरण आहे? रोज वापरणाऱ्यांनी सांगावं.

जुना_बफर

होलोग्राम रोटरीने येतात हे अर्धंच खरं. लोकरीच्या पॅडने कापलंत (ओरखडे घासून काढलेत) आणि त्यावर फोमचा हात फिरवलाच नाही, किंवा फिरवला तो त्याच वेगाने. बरोबर?

रोटरीवर शेवटचा हात म्हणजे मऊ फोम, बारीक पॉलिश, वेग हजाराच्या आसपास, आणि मशीनचं वजन पडेल तेवढाच दाब. पॅड सपाट. काठावर उभं केलंत की पट्टा पडलाच म्हणून समजा.

मूळ यंत्र काय आहे ते तरी बघा. रोटरी म्हणजे वेग उतरवलेला अँगल ग्राइंडरच. फ्लेक्स ही जर्मन कंपनी १९२२ ची. तिने १९५४ मध्ये अँगल ग्राइंडर आणला आणि जर्मनीत आजही कुठल्याही कंपनीच्या ग्राइंडरला लोक ‘फ्लेक्स’च म्हणतात. त्याच घराण्यातली ही. मोटर, गिअर, स्पिंडल, संपलं. बिघडायला आत फारसं काही नाहीच. माझी किती वर्षांची आहे ते सांगत नाही, दृष्ट लागेल.

आणि ते पेंटरकडचं काम. दोन हजार नंबरचा पेपर मारलेलं पॅनेल लोकर आणि रोटरीने जितक्या झटपट निघतं तितकं कशानेच निघत नाही. मित्राची परत करा, पण स्वतःची एक ठेवाच.

वाकडा_फेंडर

वॅटवरच जायचं तर आमचा मिक्सर ७५० वॅटचा आहे. दुकानदाराला म्हणावं, याने बोनेट घासून दाखव.

सूक्ष्मदर्शी

हा हा. पण मुद्दा तोच आहे. मशीनवर छापलेले वॅट म्हणजे ते तारेतून किती वीज ओढतं. पॅडपर्यंत त्यातलं किती पोचतं ते नव्हे. आणि दोन वेगळ्या जातींच्या मशीनची तुलना वॅटवर होतच नाही. त्यापेक्षा पॅड रंगावरून किती वेगाने घासतं ते काढा, शाळेतलं गणित पुरतं.

रोटरी: पॅड १५० मिमी, वेग मिनिटाला १५०० फेरे. पॅडचा परीघ ४७१ मिमी, सेकंदाला २५ फेरे. म्हणजे पॅडचा काठ सेकंदाला जवळजवळ १२ मीटर पळतो. मधला बिंदू मात्र जागच्या जागी.

डीए: इथे पॅड एका छोट्या वर्तुळात हेलकावे घेतं. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे थ्रो, तुमचे ते १५ आणि २१ मिमी. १५ मिमीचं मशीन मिनिटाला ४८०० हेलकाव्यांवर लावलं तर एका हेलकाव्यात ४७ मिमी, सेकंदाला ८० हेलकावे, झाले ३.८ मीटर. २१ मिमीचं ४२०० वर ४.६ मीटर. पूर्वी सगळ्यांकडे असायचं ते ८ मिमीचं ६००० वर पळवूनही अडीच मीटरच.

म्हणजे रोटरीचा काठ डीएच्या तिप्पट वेगाने घासतो, उष्णताही त्याच मानाने. शिवाय रोटरीच्या सगळ्या रेघा एका वळणाच्या, म्हणून उजेड पडला की त्या मिळून पट्टा दिसतात. डीएच्या रेघा एकमेकींवर सगळ्या दिशांनी पडतात, डोळ्याला दिशाच सापडत नाही. आणि ८ मिमीवाला जीव तोडून पळूनही १५ वाल्याच्या मागे का राहतो, तेही यातच आलं.

घोटीव

वरचा हिशेब एकदम पटला. आता खरेदीकडे येतो.

धागाकर्ते, तुम्ही मशीन विचारलंत, मी तुमच्या गाड्या वाचल्या. गडद रंग, धुण्याचे ओरखडे, आठवड्याला तीन-चार. तुमचं पहिलं मशीन १५ मिमीचं मोकळं डीए, १२५ मिमी प्लेटचं (प्लेट म्हणजे पॅड चिकटवायची चकती). त्याच्या पाठोपाठ एक छोटं, ७५ मिमी प्लेटचं. जुना_बफर काका रागावतील, पण रोटरी तिसऱ्या नंबरवर.

मोठ्या थ्रोची ही जात गाजवली ती इटलीच्या रुपेसने. कंपनी १९४७ ची, आणि त्यांच्या बिगफूटमध्ये १५ आणि २१ दोन्ही मापं आहेत, १५ ला १२५ ची प्लेट, २१ ला १५० ची. आता त्याच मापांची मशीन कितीतरी जण बनवतात, त्यामुळे नावापेक्षा मापाकडे बघा.

२१ चा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. छत, बोनेट, डिकीचं झाकण एवढंच करायचं असेल तर तो मजा आणतो. पण हल्लीच्या गाडीवर सपाट जागा उरलीय कुठे? दरवाजावर दोन घड्या, बंपरला खोबणी, मागच्या चाकावर फुगवटा. तिथे १५० ची प्लेट अर्धी हवेत राहते. मोठ्या गाड्या, व्हॅन असं काम जास्त असेल तर २१ घ्या, नाहीतर १५.

आता मोकळ्या डीएची खोड. त्याचं डोकं हेलकावे मोटरच्या जोरावर घेतं, पण स्वतःभोवती फिरतं ते केवळ बेअरिंगच्या ओढीने. गिअर नाही. जास्त दाबलं किंवा पॅड तिरकं झालं की फिरणं थांबतं. आवाज तसाच चालू राहतो, त्यामुळे कळतही नाही. म्हणून नवीन मशीन आणल्या आणल्या बॅकिंग प्लेटच्या काठावर मार्करने एक जाड रेघ मारा. छतावर मशीन चालवा, रेघ गरगरताना धूसर दिसेल. तेच मशीन दरवाजाच्या घडीवर न्या. रेघ एका जागी उभी राहून नुसती थरथरताना दिसली की समजा, पॅड जागच्या जागी हलतंय, कापणं जवळपास बंद, गरम होणं चालू. सगळ्यांची पहिली चूक म्हणजे अशा वेळी अजून दाबायचं. उलट करा. दाब सोडा, मनगट किंचित उचलून पॅड सपाट बसवा, रेघ पुन्हा पळायला लागते.

रोटरीवरून येणाऱ्याला हे फार जड जातं. रोटरीवर हात मशीनला आवरत असतो, डीएवर हाताने मशीनला मोकळं सोडायचं असतं. पहिले पंधरा दिवस तुम्हाला वाटेल हे खेळणं आहे, काही कापतच नाही. मशीन परत करायला निघू नका.

अजून एक, प्लेट बदलताना. मशीनच्या आत एक वजन असतं, ते ठरावीक प्लेट आणि पॅडच्या वजनाला तोलून बसवलेलं. १२५ च्या मशीनला १५० ची प्लेट लावली, किंवा दोन बोटं जाडीचं जड पॅड लावलं, की तोल गेला. मग हात झिणझिणतो आणि लोक म्हणतात मशीन खराब.

उन्हातली_गाडी

झिणझिणण्याचा विषय निघाला ते बरं झालं. एवढे प्रतिसाद झाले, मनगटाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळे दादालोक दिसताय.

मी दिवसाला चार-पाच तास मशीन धरते. दुसऱ्या वर्षी रात्री मुंग्या येऊन जाग यायला लागली, सकाळी फडकं पिळताना चिमटीत जोर नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘हातात काय धरता?’ तोपर्यंत माझ्या डोक्यात तो संबंधच आला नव्हता.

मशीनच्या माहितीपुस्तिकेत मागच्या पानांवर, जे कुणी वाचत नाही, तिथे थरथरीचा आकडा असतो. मीटर प्रति सेकंद वर्ग असं एकक. युरोपीय संघाचा २००२ चा कामगारांसाठीचा निर्देश आहे, त्यात आठ तासांच्या सरासरीला २.५ झालं की मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ च्या वर कामगाराला जाऊच द्यायचं नाही. आपण स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार, पण हाडं तीच आहेत. हिशेब असा, की आकडा दुप्पट झाला तर वेळ निम्मा नाही, पाव होतो. ५ आकड्याचं मशीन दोन तास धरलं की २.५ ची पातळी गाठली. अडीचवालं तिथे पोचायला आठ तास घेतं.

पुस्तिकेतला आकडा नव्या मशीनचा असतो हेही लक्षात ठेवा. वेल्क्रो एका बाजूने उसवलेलं, पॅड मध्यावर न बसवलेलं, बेअरिंग सैल, की तो वाढलाच.

म्हणून खरेदीला जाताना मशीन टेबलावर चालवून बघू नका. हातात धरून, हात पुढे करून, दरवाजा पॉलिश करतोय अशा अवस्थेत पाच मिनिटं धरा. छतावर मशीनचं वजन गाडी पेलते. दरवाजावर ते तुम्ही पेलता, आणि गाडीला उभ्या बाजूच जास्त. अर्धा किलोचा फरक दुकानात कळत नाही, तिसऱ्या दरवाजाला कळतो.

कोरा_बोनेट (धागाकर्ता)

ताई, मुंग्यांचं वाचून दचकलोच. उजवी करंगळी माझीही अधूनमधून बधिर होते, मी झोपताना हात दबला असेल म्हणून सोडून द्यायचो.

घोटीव दादा, रेघेची युक्ती आवडली. पण मग एक विचारतो. थांबणं हाच मोकळ्या डीएचा दोष असेल तर गिअरवालं डीए का नको? तिथे थांबायचा प्रश्नच नाही ना?

चौथा_गिअर

नाव बघून आलो धावत. :) मी सात वर्षं गिअरवालंच वापरतोय.

प्रश्न नाही हे खरं. फ्लेक्सचं एक्ससी ३४०१ घ्या, या जातीतलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं. ९०० वॅट, थ्रो ८ मिमी, मिनिटाला ३२०० ते ९६०० हेलकावे आणि १६० ते ४८० फेरे. आकडे भागून बघा, वीस हेलकाव्यांना एक फेरा, गिअरने बांधलेला. दाबा, तिरकं करा, घडीवर न्या, फिरणारच. कडक क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) मोकळं डीए जिथे चार हात मागतं तिथे हे बऱ्याचदा दोनात भागवतं.

पण त्याची किंमत हाताने मोजायची. मशीन बाजूला चालायला लागतं, त्याला कायम वळवत राहावं लागतं. मऊ रंगावर बारीक धुरकटपणा सोडू शकतं, तो काढायला मोकळं डीए लागतंच. आणि काठावर, घडीवर फिरणं थांबत नाही याचाच अर्थ चूकही थांबत नाही. मोकळं डीए घडीवर स्वतःहून थांबतं ना, नवशिक्याला तेच वाचवतं.

दोन्ही एकात हवं असेल तर तशीही आहेत. मकिताचं पीओ५०००सी बघा, तेही ९०० वॅट, थ्रो ५.५ मिमी, आणि एक खटका फिरवला की बांधलेलं किंवा मोकळं. थ्रो लहान असल्याने मोकळ्यात कापायला मंद वाटेल. पेंटरकडचं काम तुमच्याकडे महिन्यातून दोनदाच येतं म्हणता, त्याऐवजी रोज आलं असतं तर मी हेच सुचवलं असतं.

शनिवारी_धुतो

मी हौशी, धंदा नाही. पण विचारूनच टाकतो, वायरची कटकट नको म्हणून बॅटरीवालं घेतलं तर?

सूक्ष्मदर्शी

१८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ९० वॅट-तास. ५०० वॅटचं मशीन पूर्ण ताकद ओढत असेल तर अकरा मिनिटं. प्रत्यक्षात ते सतत पूर्ण ओढत नाही, त्यामुळे वेळ बराच जास्त मिळतो, पण पूर्ण गाडी कापायची तर तीन-चार बॅटऱ्या आणि चार्जर सतत चालू हवा. स्वतःच्या एका गाडीला शनिवारी चालेल. धंद्यात मुख्य मशीन वायरचंच, बॅटरीवर ते लहान मशीन. खांब, आरसे, दाराच्या मुठीमागची जागा, जिथे वायर गाडीवर घासते तिथे ते सोन्यासारखं.

वायर खांद्यावरून पाठीमागे टाकायची सवय लावा. पॅनेलवर लोळणारी वायर स्वतःच ओरखडे काढते. आणि एक्स्टेंशन जाड तारेचं घ्या, बारीक तारेवर लांबून चालवलं की मशीन धापा टाकतं.

जुना_बफर

दोन दिवस गप्प बसून वाचलं. घोटीवने रोटरी तिसऱ्या नंबरवर टाकली त्याचा राग नाही. या गाड्यांसाठी मीही तसंच सांगितलं असतं, फक्त जरा उशिरा.

लोकर आणि रोटरीची एक गोष्ट सांगतो. एकदा वायपरजवळ काम करताना काच धुण्याच्या फवाऱ्याचं ते छोटं टोपण लोकरीत अडकलं. पुढच्या क्षणी माझ्या कानाजवळून काहीतरी सूं करून गेलं. टोपण शेवटी मागच्या भिंतीशी सापडलं. तेव्हापासून चष्मा लावल्याशिवाय मशीन चालू करत नाही आणि फवारे, लोगो, अँटेना, रबर सगळं आधी टेपखाली. बाही सैल असेल तर दुमडा. लोकर काय पकडेल नेम नाही.

आता खरेदीचं. इथे थ्रो झाला, वॅट झाले, वजन झालं. कार्बनबद्दल, म्हणजे मोटरीतल्या कार्बनच्या ब्रशबद्दल, कुणीच बोललं नाही. ब्रशवाल्या मोटरीत कार्बन झिजणारच, तो तिचा धर्म आहे. ठिणग्या जास्त दिसायला लागल्या, मशीन मध्येच अडखळायला लागलं, जळका वास आला, की कार्बन बघायचा. तेव्हा दुकानात मशीन आवडलं की लगेच पैसे काढू नका. म्हणा, ‘याच्या कार्बनची एक जोडी, एक बॅकिंग प्लेट आणि स्विच दाखवा.’ समोरचा कपाटाकडे वळला तर घ्या. फोनकडे वळला तर दुसरं मशीन बघा. हौशी माणसाचं मशीन तीन आठवडे पडून राहिलं तर चालतं. तुमचं राहिलं तर गिऱ्हाईक जातं.

ब्रश नसलेल्या मोटरीचं घेतलंत तर कार्बनचा प्रश्न मिटतो, पण आत इलेक्ट्रॉनिक्स वाढतं आणि ते बिघडलं तर टेबलावर उघडून बसण्यासारखं राहत नाही. मला तरी कार्बन बरा.

घोटीव

काका, हे सोळा आणे. मी स्वतः एका मशीनच्या प्लेटसाठी दीड महिना थांबलोय.

एक राहिलं. सगळे पैसे मशीनमध्ये घालू नका. एका पॅडवर अख्खी गाडी करणारे बघितलेत. तिसऱ्या पॅनेलनंतर त्यात रंगाचा गाळ आणि सुकलेलं कंपाउंड (कापायची पेस्ट) भरतं, पॅड तापतं, वेल्क्रोचा गोंद सुटायला लागतो. मी कापायला चार-पाच आणि शेवटच्या हाताला दोन-तीन ठेवतो, प्रत्येक पॅनेलनंतर ब्रशने किंवा हवेने झाडतो. मायक्रोफायबरचं पॅड डीएवर झकास कापतं, पण ते तर झाडावंच लागतं. मशीन थोडं खालच्या पायरीचं आणि पॅड भरपूर, हे उलट्यापेक्षा कधीही बरं.

आणि जाडी मोजायचं मीटर. कारखान्यातून आलेला सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे जवळपास छपाईच्या कागदाएवढा. त्यातला वरचा क्लिअर कोट ३५ ते ५०. तेवढ्यातच तुमचा, तुमच्या आधी पॉलिश केलेल्या सगळ्यांचा आणि पुढे करणाऱ्यांचा हिशेब बसवायचा. घड्यांवर तो अजून पातळ असतो. मीटर लोखंडी आणि अॅल्युमिनियम दोन्ही पत्र्यांवर चालणारं घ्या. प्लास्टिकच्या बंपरवर साधं मीटर काहीच सांगत नाही, आणि नेमकं प्लास्टिकच उष्णता पसरू देत नाही, जागेवर साठवतं. म्हणून बंपरवर कमी वेग, छोटं पॅड, आणि हाताच्या पाठीने सारखं चाचपत राहायचं.

सूक्ष्मदर्शी

आणि धागाकर्त्यांचा तो काळा बोनेट संध्याकाळी छान का दिसला? ट्यूबलाइटचा पसरट उजेड हे एक कारण, कंपाउंडमधलं तेल हे दुसरं. तेल ओरखड्यात बसून ते बुजवतं. एक भाग पूर्ण झाला की पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दहा-पंधरा टक्के पुरे. मग एका बिंदूतून येणारा उजेड मारा, हातातली छोटी एलईडी टॉर्चही चालते.

उन्हातली_गाडी

एवढंच जोडते, मऊ काळ्या रंगावर ते पुसतानाही ओरखडे पडतात. फडकं नवं, भरपूर ओलं, आणि एकाच दिशेने. मी एकदा पॉलिशला दोष देत बसले होते, दोष फडक्याचा निघाला.

कोरा_बोनेट (धागाकर्ता)

धागा वर काढतोय, तीन आठवडे गायब होतो त्याबद्दल माफी.

पेंटरच्या मागे पडलेला एक काळा बोनेट उचलून आणला, ठोकलेला पण रंग शाबूत. टेपने तीन भाग केले. ओळखीच्या दोघांकडून १५ चं मोकळं आणि एक गिअरवालं अर्ध्या दिवसासाठी मागून आणलं, तिसऱ्या भागाला माझ्या हातातली रोटरी. तिन्हीकडे कंपाउंड तेच, शेवटचं पॉलिश तेच. प्रत्येक भाग अल्कोहोलने पुसला आणि बोनेट उचलून उन्हात ठेवला.

रोटरी कापण्यात पहिली आली, निर्विवाद. काका म्हणाले तसं हजारावर मऊ फोमने शेवटचा हात मारला, पट्टे खूप कमी झाले, पण एका कोनातून अजून दिसत होते. तो दोष माझ्या हाताचा. गिअरवालं मधोमध, आणि ते खरंच डावीकडे पळत होतं, शेवटी मीच त्याच्यामागे फिरत होतो. १५ वाल्याला दोन हात जास्त लागले. पण उन्हात त्या भागावर काहीच सापडेना. मुलीला बोलावलं, तिची नजर तीक्ष्ण आहे. तिने दोन भागांवर बोट ठेवलं आणि १५ वाल्याचा सोडला.

१५ चं घेतलं. त्याच्याबरोबर सहा पॅड आणि मीटर. छोटं मशीन दोन महिन्यांनी. रोटरी मित्राला परत दिली, पेंटरचं काम आलं की तेवढ्यापुरती मागून आणतो. ताई, पाच मिनिटं हात पुढे करून धरायची परीक्षा दुकानात घेतली, दुकानदार माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. एक मशीन त्याच परीक्षेत नापास झालं, आणि मला आधी तेच आवडलं होतं. करंगळी दाखवूनही आलो. सध्या सलग अर्ध्या तासाच्या वर मशीन धरायचं नाही असं ठरवून दिलंय.

जुना_बफर

कार्बन?

कोरा_बोनेट (धागाकर्ता)

दोन जोड्या, काका. मशीनच्या आधी तेच मागितले. कपाटाकडे वळला.

वाकडा_फेंडर

आणि रेघ मारली की नाही प्लेटवर?

कोरा_बोनेट (धागाकर्ता)

पहिल्याच दिवशी मारली. काल बघितलं तर पुसट झालेली, आज पुन्हा मारली. यावेळी पांढरी.